पार्ट नवा, तरी सर्व्हर गप्प

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता नांदेड-लातूरकडे शोधून सापडणार नाही. बँकेत ऐका, सेतू केंद्रात ऐका, नाहीतर परीक्षा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात ऐका. बहुतेक वेळा ते नेटचं दुखणं असतं आणि सर्व्हर बिचारा कुठेतरी एसीच्या गारव्यात व्यवस्थित चालू असतो. पण कधीकधी तो खरोखरच बसतो. मग धावपळ होते, कोटेशन निघतं, सही होते, नवा पार्ट येतो, तो बसवला जातो, सगळे श्वास रोखून उभे राहतात, बटण दाबलं जातं... आणि पडद्यावर काहीच नाही.

मित्रांनो, हा लेख नेमका त्या क्षणाबद्दल आहे. अशा वेळी पहिला अंदाज सगळ्यांचा एकच असतो: ‘नवा पार्टबी खराब निघाला वाटतं.’ तसं होतं कधीकधी, नाही असं नाही. पण बऱ्याच वेळा नवा पार्ट ठणठणीत असतो. झालेलं असतं ते असं की जुन्या पार्टाबरोबर त्याच्यात लिहून ठेवलेली माहितीही निघून गेलेली असते. होस्टेलच्या गेटवरचा जुना वॉचमन बदलून नवा आला की काय होतं ते आठवा. नवा माणूस तरुण आहे, प्रामाणिक आहे, रात्रभर जागा राहतो. पण त्याला ना तुमचा चेहरा माहीत, ना कुठली किल्ली कुठल्या खोलीची ते माहीत. म्हणून तो तुम्हालाच तुमच्या होस्टेलात शिरू देत नाही. यात वॉचमन खराब नसतो, त्याला ओळख करून द्यावी लागते. नव्या मदरबोर्डचं, नव्या रेड कंट्रोलरचं, नव्या डिस्कचं अगदी तसंच असतं. आणि ही ओळख करून देण्याऐवजी घाईघाईत ‘सगळं नव्यानं टाकू’ असं कुणी म्हटलं, तर आतला डेटा जातो. खरा धोका हा आहे.

आमच्या सेंट्रल लॅबमधल्या सर्व्हरचा मदरबोर्ड २०२५ च्या मे महिन्यात गेला. नांदेडचा मे म्हणजे पारा ४२ च्या वर, त्यात दुपारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या. त्यांनी जमेल तेवढं सांभाळलं. शेवटच्या खेपेला लाईट आली ती सर्व्हर घेऊनच गेली. बोर्ड सिकंदराबादहून मागवावा लागला. आपल्याकडून पुण्या-मुंबईपेक्षा तेच जवळ पडतं, आणि जुन्या सर्व्हरचे पार्ट तिकडच्या चिनॉय ट्रेड सेंटरच्या बाजारात बरेचदा मिळूनही जातात.

त्या सर्व्हरवर काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लायब्ररीची देवाणघेवाण होती, मेसचा हिशोब होता आणि फायनल इयरच्या सगळ्या ब्रँचचे प्रोजेक्ट होते. कोड काय, पुन्हा लिहिता येतो. पण सिव्हिलच्या एका ग्रुपनं चार महिने गावोगाव फिरून विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली होती. ते आकडे परत मोजायचे तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागली असती. बॅकअप होता, पण फेब्रुवारीचा. सबमिशन आठ दिवसांवर.

आता मुद्द्याकडे. ‘बूट’ हा शब्द खरोखर बुटावरूनच आलेला आहे, बरं का. बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी ती कल्पना. संगणक चालू करायला प्रोग्रॅम लागतो आणि प्रोग्रॅम चालवायला चालू संगणक लागतो. या पेचातून सुटण्यासाठी तो टप्प्याटप्प्यानं उठतो. आधी वीज. मग बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे जुन्या भाषेत बायोस आणि नव्या भाषेत यूईएफआय. तो मेमरी, प्रोसेसर वगैरे तपासतो आणि बूट कुठून करायचं ते शोधतो. तिथे त्याला बूटलोडर भेटतो, बूटलोडर कर्नलला उठवतो, कर्नल डिस्क जोडून घेतो आणि शेवटी वेबसाइट, डेटाबेस वगैरे सेवा चालू होतात. रिले शर्यतीसारखं आहे हे. ‘सर्व्हर चालू होत नाही’ म्हणजे कुणाच्या तरी हातून दांडी पडली. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ हा विचारू नका, ‘कुठपर्यंत आला?’ हा विचारा. पंखा फिरला का, बीप वाजली का, कंपनीचं चिन्ह दिसलं का, कर्सर लुकलुकतोय का, पडदा निळा झाला का, लॉगिन आलं का? एवढ्या प्रश्नांत निम्मा शोध संपतो.

पहिला टप्पा झटपट उरकू, कारण तो डोळ्यांनी दिसतो. पंखे फिरतात पण पडदा काळा, असं असेल तर प्रोसेसरसाठीची वेगळी पॉवर केबल बघा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर सगळ्यांना आठवतो, आठ पिनांचा छोटा राहून जातो. तो नसला तरी पंखे फिरतात आणि आपण फसतो. मेमरीच्या बाबतीत आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे दुकानात ‘सेम जीबीची’ रॅम मागणे. सर्व्हरच्या बऱ्याच रॅम ‘रजिस्टर्ड’ प्रकारच्या असतात, डेस्कटॉपच्या ‘अनबफर्ड’. दोन्ही एकत्र चालत नाहीत, बोर्ड उठतच नाही. कुठली पट्टी कुठल्या खाचेत याचाही क्रम ठरलेला असतो आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. झाकण काढून बाजूला ठेवताना आपण ते उलटं ठेवतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही! बीपचे अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतात. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. म्हणून इंटरनेटवर सापडलेला कुठलाही तक्ता लावू नका. काहीच कळेना तर सगळं काढा आणि एक प्रोसेसर, एक रॅम एवढ्यावर चालवून बघा. हे करताना डिस्का थोड्या बाहेर ओढून ठेवल्या तर आणखी उत्तम. बोर्डाशी काहीही खेळ केला तरी डेटाला धक्का नाही.

यातच एक सबुरीचा भाग आहे. बोर्ड किंवा रॅम बदलल्यानंतर पहिल्या खेपेला सर्व्हर मेमरीच्या तारांची वेळ नव्यानं जुळवत बसतो. रॅम भरपूर असेल तर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. आमच्याकडे चारेक मिनिटं तसा राहिला. तोवर दोघांनी ‘बंद करून चालू करा ना सर’ असा आग्रह धरला होता. बंद केलं की ते काम परत पहिल्यापासून. तेव्हा घड्याळ लावून दहा मिनिटं तरी बोटं खिशात ठेवा.

चांगल्या सर्व्हरमध्ये बोर्डावरच एक छोटा वेगळा संगणक असतो, मुख्य यंत्र मेलेलं असलं तरी तो जागा असतो. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून त्यासाठी आयपीएमआय नावाचं सामाईक मानक काढलं. डेलवाले त्यांच्या यंत्रणेला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. त्याला नेटवर्कची वायर लावली की ब्राउझरमधून त्याची वही वाचता येते: किती वाजता कुठला व्होल्टेज घसरला, कुठल्या खाचेतल्या रॅमनं त्रास दिला. अंदाज बांधत बसण्याआधी ही वही उघडावी. आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये त्या पोर्टला कधी वायरच लागलेली नसते, हे मात्र दुर्दैव.

आता दुसरा टप्पा, म्हणजे नव्या वॉचमनला नियम समजावून सांगणे. नवा बोर्ड येतो तो कारखान्याच्या सेटिंगवर. जुन्या बोर्डाला तुम्ही पाच वर्षांपूर्वी काय काय सांगितलं होतं, ते त्याच्याबरोबर भंगारात गेलं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेगसी आणि यूईएफआय या दोन पद्धतींचा. लेगसी पद्धतीत बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. तो ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट बूटलोडरच्या सुरुवातीचे, पुढचे ६४ पार्टिशनच्या तक्त्याचे आणि शेवटचे दोन सहीचे. एवढ्याशा जागेत मावायचं म्हणून तो तक्ता नेहमीच्या सेक्टरच्या डिस्कवर साधारण २ टीबीच्या पुढची जागा मोजूच शकत नाही. यूईएफआय असं करत नाही. ती एका खास पार्टिशनमधली फाइल शोधते आणि त्या फाइलचा पत्ता बोर्डावरच्या मेमरीत लिहून ठेवते. जुनं इन्स्टॉलेशन लेगसीचं आणि नवा बोर्ड यूईएफआयवर असेल तर डिस्क ठणठणीत असूनही ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असा निरोप येतो. उलटंही तसंच. आणि दोन्हीकडे यूईएफआय असली तरी तो पत्ता जुन्या बोर्डात राहिलेला असतो. काही वेळा ठरावीक जागी ठेवलेल्या बूटएक्स६४ नावाच्या फाइलवरून काम निभावतं. नाहीतर बूट मेनूमध्ये जाऊन ‘फाइलवरून बूट करा’ हा पर्याय घ्यायचा आणि आत गेल्यावर पत्ता नव्यानं नोंदवायचा.

डिस्क कंट्रोलरची पद्धत हाही असाच चकवा. आयडीई, एएचसीआय, रेड असे पर्याय बायोसमध्ये असतात. विंडोज एका पद्धतीवर टाकलेलं असेल आणि बोर्ड दुसरीवर असेल तर निळा पडदा येतो, त्याचा आकडा ७बी वर संपतो. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. लोक तेवढ्यावर फॉरमॅट मारतात. बायोसमध्ये पद्धत परत पूर्वीसारखी केली की अनेकदा तेच विंडोज मुकाट्यानं चालू होतं.

आता येतो तो टप्पा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. रेड. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली: एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधा आणि एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी सोय करा. आमच्याकडे ६०० जीबीच्या चार डिस्का रेड ५ मध्ये होत्या. म्हणजे डेटाच्या पट्ट्या पाडून त्या चारही डिस्कांवर फिरवून लिहिलेल्या, आणि प्रत्येक ओळीत एक पट्टी बेरजेच्या पडताळ्यासारखी. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढता येतो. पण यामुळे एकेकटी डिस्क घेऊन काही उपयोग नाही. कोणती कितवी, पट्टी किती केबीची, पडताळा कुठल्या क्रमानं फिरतो, हे सगळं ठाऊक असेल तरच त्या चार डिस्कांचा मिळून एक अर्थ लागतो. ही माहिती कंट्रोलरपाशी असते आणि तिची प्रत डिस्कांवरही लिहिलेली असते.

आमचा कंट्रोलर बोर्डावरच होता, म्हणजे तोही नवा. त्यानं चार अनोळखी डिस्का पाहिल्या, त्यांच्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली नोंद पाहिली आणि निरोप दिला: ‘फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं’. खाली दोन पर्याय. इम्पोर्ट आणि क्लियर. बोर्ड बसवायला आलेला माणूस कामाचा होता, पण त्याला रात्रीच्या गाडीनं परत जायचं होतं.

‘डिस्क फॉरेन दाखवायली सर. क्लियर करून नवीन अ‍ॅरे बनवू, मग ओएस टाकू. दोन तासांचं काम हाय.’

‘आणि आतला डेटा?’ सरांनी विचारलं.

‘बॅकअप असंल ना तुमच्याकडं?’

खोलीत एकदम शांतता. सिव्हिलचे दोघं दारातच उभे होते.

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण या दोन शब्दांत सगळं आहे. इम्पोर्ट म्हणजे ‘या डिस्कांवरची नोंद खरी मान आणि तशीच वापर’. क्लियर म्हणजे ‘ती नोंद पुसून टाक, या डिस्का कोऱ्या समज’. आता क्लियरनं डेटा तत्काळ पुसला जातो असं नाही. पुसली जाते ती डेटा वाचण्याची किल्ली. त्यानंतर जुन्याच मापाचा अ‍ॅरे हुबेहूब बांधता आला तर जाणकार माणूस डेटा परत मिळवू शकतो, पण त्यासाठी जुनी सगळी मापं माहीत असावी लागतात. आणि नवा अ‍ॅरे बांधताना यंत्र विचारतं, ‘इनिशियलाइज करू का?’ तिथे हो म्हटलं की शून्यं लिहायला सुरुवात. झटपट इनिशियलाइजसुद्धा डिस्कांच्या सुरुवातीचा भाग पुसतं, आणि पार्टिशनचा तक्ता तिथेच असतो. पूर्ण इनिशियलाइज झालं तर पाण्याच्या पातळीचे आकडे विहिरीतच गेले म्हणायचे.

सरांनी त्याला चहा पाजला आणि आम्ही आधी फक्त पूर्वदृश्य पाहिलं. इम्पोर्ट करण्याआधी कंट्रोलर दाखवतो की या नोंदीनुसार कुठला अ‍ॅरे तयार होईल, त्यात किती डिस्का असतील, तो धडधाकट आहे की लंगडा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. चारही डिस्का हजर, रेड ५, अवस्था उत्तम. लॅब असिस्टंट मामांनी डिस्का काढतानाच प्रत्येकीवर शून्य ते तीन आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आताचे कंट्रोलर डिस्कांची अदलाबदल झाली तरी बहुधा ओळखतात, पण स्वस्तातल्या आणि जुन्या कंट्रोलरवर तसा भरवसा ठेवता येत नाही. चिठ्ठी कधीही चांगली. मग इम्पोर्ट. तीन सेकंदांत अ‍ॅरे उभा राहिला. चहा संपायच्या आत.

एक सावधगिरी मात्र सांगतो. चारपैकी एखादी डिस्क पंधरा दिवसांपूर्वीच बाद होऊन बाहेर पडली होती, अशी परिस्थिती असेल तर तिला इम्पोर्टमध्ये घेऊ नका. तिच्यावरचा मजकूर शिळा असतो. अशा वेळी अ‍ॅरे लंगडा का होईना, ताज्या डिस्कांवरच उभा करावा आणि बादच्या जागी कोरी डिस्क नंतर द्यावी. ती कोरी डिस्कही ‘६०० जीबी’ लिहिलेली आहे म्हणून चालेल असं नाही; काही सेक्टर जरी कमी भरले तरी कंट्रोलर तिला नाकारतो.

डिस्क बदलण्यावरून लातूरची गोष्ट आठवली. तिथे दुसऱ्या एका कॉलेजात माझा मित्र लॅब बघतो. त्यांच्या लिनक्स मशीनमध्ये महागडा कंट्रोलर नाही, दोन साध्या डिस्का आणि सॉफ्टवेअरनं केलेला आरसा, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं. मशीन चालू असतानाच पहिली डिस्क गेली. आरसा असल्यामुळे काम चालू राहिलं, कुणाला पत्ताही लागला नाही. कळल्यावर त्यानं रविवारी मशीन बंद केली, नवी डिस्क लावली, चालू केली. काळा पडदा, लुकलुकता कर्सर. ‘अरे, दुसरी डिस्क चांगली हाय ना, मग हे असं काऊन?’ असा त्याचा फोन.

कारण असं की आरसा पार्टिशनांचा होता, पूर्ण डिस्कचा नव्हता. बूटलोडर ज्या पहिल्या सेक्टरमध्ये बसतो तो आरशाच्या बाहेर. इन्स्टॉल करताना ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर टाकला गेला होता आणि पहिली डिस्क गेली तेव्हा तोही गेला. दुसऱ्या डिस्कवर चार वर्षांचा सगळा डेटा, पण तो उघडणारं दारच नाही. उपाय अवघड नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं, आरसा जोडायचा, आपल्या जुन्या सिस्टिमच्या आत शिरायचं आणि ग्रब-इन्स्टॉल ही कमांड दोन्ही डिस्कांवर चालवायची. यूईएफआय असेल तर तिचं खास पार्टिशनही अशा आरशात सहसा नसतं, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर वेगळी करावी लागते.

यातली भीतीची जागा वेगळीच आहे. नव्या डिस्कवर जुन्यासारखी पार्टिशनं पाडावी लागतात आणि त्यासाठी एसजीडिस्क नावाच्या हत्यारात तक्ता कॉपी करायची सोय आहे. पण तिथे आधी ज्या डिस्कवर लिहायचं तिचं नाव येतं आणि नंतर जिच्यावरून घ्यायचं तिचं. आपला हात नेहमी ‘इकडून तिकडे’ असं लिहिण्याला सरावलेला. क्रम चुकला की कोऱ्या डिस्कचा कोरा तक्ता भरलेल्या डिस्कवर! शिवाय डिस्क बदलल्यावर एसडीए, एसडीबी ही नावंही इकडची तिकडे होऊ शकतात. मित्रानं फोन चालू ठेवून डिस्कवरच्या लेबलाचा सिरीयल नंबर मोठ्यानं वाचला, मी तो पडद्यावरच्या नंबराशी ताडला, मगच एंटर. नांदेड-लातूर अंतर तीनेक तासांचं, पण त्या वेळी फोनवरून सुद्धा त्याच्या की-बोर्डचा आवाज आला.

तर आमच्या सर्व्हरकडे परत. अ‍ॅरे उभा राहिला, लेगसी मोड लावला, ग्रबचा मेनू आला. पुढे कर्नल. इथेही एक ओळखीचा दगा असतो. कर्नलबरोबर एक छोटी थैली येते, इनिटरामएफएस. मूळ डिस्क जोडण्यापुरते ड्रायव्हर त्यात बांधून दिलेले असतात. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिममध्ये ही थैली बांधताना फक्त त्या वेळी असलेल्या हार्डवेअरचेच ड्रायव्हर घेतात, प्रवासाला निघताना मोजकेच कपडे घ्यावेत तसे. कंट्रोलर वेगळ्या जातीचा निघाला की थैलीत त्याचा ड्रायव्हर नाही, कर्नलला मूळ डिस्क दिसत नाही आणि तो ‘पॅनिक’ म्हणून थांबतो. अशा वेळी ग्रबच्या मेनूत सगळ्यात खाली ‘रेस्क्यू’ असं लिहिलेली ओळ असते. तिच्या थैलीत सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर भरलेले असतात. तिच्यातून आत जायचं आणि ड्रॅकट कमांडनं नवी थैली बांधायची. उबुंटू-डेबियनवाल्यांना त्यासाठी अपडेट-इनिटरामएफएस आहे. आमचा बोर्ड त्याच मॉडेलचा असल्यामुळे हे करावं लागलं नाही. फाइल सिस्टिमनं मात्र जर्नलवरून स्वतःची दुरुस्ती केली, कारण लाईट गेली तेव्हा जुन्या कंट्रोलरच्या कॅशमध्ये असलेलं थोडं लिखाण त्याच्याबरोबरच गेलं.

विंडोजवाल्यांनी कुलपाचीही आठवण ठेवावी. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. बोर्ड बदलला की चिप बदलली. मग पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर डिस्क म्हणजे लोखंडाची वीट. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली, हैदराबाद विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या वेळी यंत्रं सुधारायला अनेक ठिकाणी उशीर झाला तो याच किल्ल्या शोधण्यात. तो हार्डवेअरचा बिघाड नव्हता, पण अडलं तिथेच. ही की कागदावर छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा. त्याच सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवणारेही पाहिलेत मी!

लॉगिन आलं. टाळ्या झाल्या. बोर्ड बसवणाऱ्या भाऊंची गाडी अजून चुकलेली नव्हती. पण लायब्ररीतून निरोप, ‘सर्व्हर डाऊनच आहे.’ सर्व्हर जिवंत, पण कुणाला दिसत नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा मॅक पत्ता असतो आणि बोर्डावरची कार्डं बदलली तेव्हा पत्तेही बदलले. आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जुना मॅक लिहिलेला होता, त्यामुळे नव्या कार्डाला तो आयपी मिळेचना. जुन्या लिनक्समध्ये तर यूडेव्ह जुन्या कार्डासाठी ईटीएच० हे नाव राखून ठेवायचं आणि नव्याला ईटीएच१ म्हणायचं. कित्येकांची रात्र त्यात गेलेली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांत याला आणखी एक शेपूट असतं. मॅटलॅब, अ‍ॅन्सिससारख्या सॉफ्टवेअरचं नेटवर्क लायसन्स बरेचदा याच मॅकशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की लायसन्स रद्द समजा. कंपनीकडून नवीन फाइल मागवावी लागते आणि तिला दोन-चार दिवस लागतात. प्रॅक्टिकलच्या आधी बोर्ड बदलणार असाल तर ही तजवीज आधी करा.

आपल्या भागाबद्दल एक सांगायचं राहिलं. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, पण आपण अजून ‘एमएसईबी’च म्हणतो. त्या दशकातलं भारनियमन ज्यांनी भोगलं त्यांना आजची परिस्थिती सुखाची वाटेल. मात्र सर्व्हरचा जीव नुसत्या वीज जाण्यानं जात नाही. ती झटके देत येते, त्यानं जातो. लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच सर्व्हर चालू करा. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू हो’ या सेटिंगला उशीर लावायची सोय बऱ्याच यंत्रांत असते. उष्णतेचा हिशोबही लक्षात ठेवा: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सुट्टीत ‘कुणी बसत नाही तर एसी कशाला’ म्हणून सर्व्हर रूमचा एसी बंद करणाऱ्यांनी हा आकडा दारावर चिकटवावा. आणि सर्व्हर चांगला चालू असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा आणि रेडच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवावा. त्याला पैसे लागत नाहीत.

सिव्हिलच्या मुलांना त्यांचे आकडे त्याच रात्री मिळाले. पहिलं काम त्यांनी केलं ते तीन पेनड्राइव्ह भरण्याचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीत नवीनच नाटक. रात्री सर्व्हर पूर्ण बंद करून वायरिंग नीट केलं होतं. तारीख बायोसमध्ये लावलेली होती, तरी सकाळी चालू झाला तो १ जानेवारी २०१५ वर! लेगसी मोड वगैरे सेटिंग टिकली, कारण ती फ्लॅश चिपमध्ये लिहिली जाते. घड्याळ मात्र वीज नसताना बोर्डावरच्या सेलवर चालतं, आणि हा ‘नवा’ बोर्ड कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये कित्येक वर्षं पडून होता. त्याचा सेल केव्हाच मेलेला. त्या सकाळी बाहेरचं नेटही नव्हतं, म्हणून वेळ आपोआप जुळली नाही. तेवढ्यात काउंटरवर सहा पुस्तकं दिली गेली, परतीची तारीख ८ जानेवारी २०१५. दुपारी नेट आलं, घड्याळ पळत पळत २०२५ मध्ये पोचलं, आणि रोज एक रुपया दरानं सहा जणांच्या नावावर प्रत्येकी पावणेचार हजारांच्या वर दंड चढला. त्यातला एक मुलगा तर रडवेला होऊन थेट सरांच्या केबिनमध्ये गेला. ग्रंथपाल मॅडमनी सहाही नोंदी हातानं दुरुस्त केल्या, आणि मामा वजिराबादेतल्या घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ चे दोन सेल घेऊन आले. एक बोर्डात बसवला, दुसरा सर्व्हरच्या झाकणाला आतून चिकटपट्टीनं लावून ठेवला आहे.